परमुलखातलं औषध

लग्नाला चार वर्षं झाली आणि आमच्या ह्यांची बदली गोंदियाला झाली. निघण्याआधी रत्नागिरीहून आईचं पत्र आलं. "परदेशात चालली आहेस, जपून राहा. पाणी उकळून पीत जा. लेकीला उन्हात नेऊ नकोस." पत्र वाचून मी हसले होते. गोंदिया म्हणजे काही विलायत नव्हे. पण देश स्वतंत्र होऊन तेव्हा पाच-सहा वर्षंच झाली होती, गोंदिया भंडारा जिल्ह्यात होतं, भंडारा मध्य प्रदेशात होता, आणि आमच्या गावातलं कोणी तिकडे गेल्याचं आईच्या ऐकिवात नव्हतं. घाट ओलांडला की तिच्या लेखी परदेश सुरू व्हायचा.

गोंदियाला पोचल्यावर महिन्याभरात माझं हसू आटलं. बाजारात सगळे हिंदी बोलत. घरमालकीण मराठी बोले, पण ती मराठी माझ्या कानाला नवी होती. मी "कशाला?" म्हणायचे, ती "कायले?" म्हणायची. मी बोलले की तिला वाटायचं, मी पुस्तक वाचून दाखवते आहे. ती पन्नाशीची, ठसठशीत बांध्याची, तोंडानं फटकळ बाई होती. त्यांची धानाची शेती नवेगावकडे होती, आणि तिच्या माहेरच्यांनी पूर्वी गावचा तलाव बांधला होता, हे ती पहिल्याच दिवशी सांगून मोकळी झाली. मी तिला मावशी म्हणत असे.

भाजी, किराणा, दूध यांचं मी निभावून नेलं. वस्तू समोर दिसते, बोट दाखवता येतं. औषधाचं तसं नसतं. आत काय होतंय ते बोट दाखवून सांगता येत नाही, त्याला शब्द लागतात. थंडीताप आला म्हणून मी पहिल्यांदा भर बाजारातल्या मोठ्या दुकानात गेले आणि "कोयनेल द्या" म्हणाले. आमच्याकडे लहान पोरालाही कळेल असा शब्द. दुकानदारानं शेजारच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं, दोघं हसले. "कोयल? बाई, यहाँ चिड़िया नहीं मिलती." मी तशीच परत फिरले. कुनैन मागायचं असतं, हे संध्याकाळी ह्यांनी सांगितलं. त्या दुकानाची पायरी मी पुन्हा चढले नाही.

मग मला ते छोटं दुकान सापडलं. एका दाराचं, आत दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याला जागा नाही असं. काचेच्या बरण्या, एक लहानसा तराजू, आणि मिक्श्चरच्या बाटल्यांवर डकवायला कातरून ठेवलेल्या कागदाच्या पट्ट्या. दुकानदार चाळिशीतले, उंच, खांदे जरा वाकलेले. फाळणीत सिंधमधून आलेले. तिकडे त्यांचं औषधांचं मोठं दुकान होतं. गोंदियात आल्यावर आधी रस्त्याच्या कडेला खाटेवर टिंचर आणि मलमाच्या डब्या मांडून विकत, मग हे दुकान झालं. ही माहिती मावशीची. त्यांना ती "तो शिंधी दवावाला" म्हणायची.

त्यांची हिंदी माझ्यापेक्षा पुष्कळ बरी, पण तीही शिकलेलीच होती. बोलताना ते शब्द शोधायला थांबत, आणि त्यांना थांबताना पाहिलं की माझी भीड जायची. मी त्यांना दादा म्हटलं, आपल्याकडे म्हणतात तसं. ते चमकून म्हणाले, "हमारे में भी दादा बोलते हैं!" आणि मला "अदी" म्हणू लागले. अदी म्हणजे बहीण, हे मला नंतर कळलं. मी चिठ्ठीवर लिहून नेलं तर त्यांना आपली लिपी अडखळत वाचता यायची. ते स्वतः उर्दूसारख्या अक्षरांत, उजवीकडून डावीकडे लिहीत. मग मी काहीतरी नमुना न्यायचे. वेखंड हवं असलं तर उरलेला तुकडा पदराला बांधून. ते हुंगून म्हणत, "अच्छा, बच!" सर्दी असली तर मी नाक ओढून दाखवायचे, खोकला असला तर खोकून. दादा हसत नसत. एखाद्या डॉक्टरसारखे गंभीरपणे बघत आणि बरणी काढत. दीड वर्ष आमचं असं छान चाललं होतं.

त्या वर्षीचा तान्हा पोळा झाला. लाकडी बैल ओढत सगळ्या गल्लीतली पोरं घरोघर फिरली, आमची अडीच वर्षांची मुलगीही त्यांच्यात. कुणी मुरमुरे दिले, कुणी गूळ-शेंगदाणे, कुणी पेढा. हातात पडेल ते तिनं तोंडात टाकलं असणार. दुसऱ्या दिवशी दुपारपासून तिला ढाळ सुरू झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी तर एकामागून एक. हे चार दिवसांपासून सडक अर्जुनीकडे होते. ते तारखात्यात होते. पावसाळ्यात खांब कलले, तारा तुटल्या की त्यांना मजुरांबरोबर तिकडेच राहावं लागायचं.

मावशी ओसरीवर आली. म्हणाली, "पोरगीले ढाळ लागली ना? बेलाचा गर आनून देतो, चाटव. अन् भाताची पेज पाज."

मी "हो" म्हटलं, पण मनातून मला ते पटलं नाही. मी चार बुकं शिकलेली होते. मला बाटलीतलं औषध हवं होतं. मुलीचा जरा डोळा लागला तशी मी मावशीला तिच्याजवळ बसवलं आणि दुकान गाठलं.

दुकानात त्या दिवशी गर्दी होती. पोळ्यानंतर सगळ्या गावाचीच पोटं बिघडली असावीत. माझा नंबर आला तेव्हा मागून दोघं जण पुढे वाकत होते. इतर वेळी मी हातवारे केले असते. पण एवढ्या पुरुषांसमोर पोट धरून, खाली बसून दाखवायचं कसं? मी अंगात होती नव्हती ती हिंदी गोळा केली.

"दादा, मुलगी को जुलाब का औषध पाहिजे."

"जुलाब?" त्यांनी विचारलं. "बच्ची के लिए?"

"हां, जुलाब."

"कब से तकलीफ़ है?"

मी दोन बोटं दाखवली. "दो दिन."

"दो दिन!" ते चुकचुकले. त्यांनी एक तांबूस औषधाची लहान बाटली काढली. "मीठी है, बच्ची पी लेगी. अभी एक चम्मच, शाम को एक. कल सुबह तक सब साफ़."

सगळं साफ, म्हणजे सगळं बरं. मी खूश झाले. इतकी मोठी वाक्यं बोलले आणि इतकं सगळं समजलं, याचा मला रस्ताभर अभिमान वाटत होता. घरी येऊन मुलीला उठवलं आणि चमचाभर औषध दिलं. गोड होतं, तिनं चमचा चाटला.

मावशी बाटलीकडे बघत होती. "काय दिला त्यानं?"

"ढाळ थांबायचं औषध," मी म्हणाले.

ती बेलाचा गर वाटीत तसाच ठेवून आत गेली.

दोन तासांत मुलगी गळून गेली. ढाळ थांबायच्या ऐवजी पाण्यासारखे होऊ लागले. ती रडायची ते रडेनाशी झाली, हे मला जास्त भ्यायला लावणारं होतं. पाणी पाजलं की उलटून पडे. ओठ सुकले, डोळे आत गेले. मला वाटलं, एका चमच्यानं गुण आला नसेल, दुसरा द्यावा. संध्याकाळची वाट कशाला बघायची? मी बाटलीचं बूच काढलं.

तेवढ्यात अंगणाच्या फाटकाशी आवाज आला. बाहेर सायकलरिक्षा उभी होती आणि दादा फाटक ढकलून आत येत होते. डोक्यावर टोपी नाही, सदरा घामानं पाठीला चिकटलेला. मावशी आडवी गेली.

"कोन व्हा तुमी? घरी मानूस नाही. कायले आले?"

"दवाई," ते धापा टाकत म्हणाले. "अदी कहाँ है? दवाई मत देना! मत देना!"

मी बाटली हातात घेऊन दारात आले. मला "मत" कळलं, पण काय आणि का ते कळेना. मला वाटलं, औषधात काही विषारी पडलं. मी ओरडले, "काय दिलंत तुम्ही माझ्या मुलीला? काय दिलंत?"

ते भराभर बोलत होते, निम्मं हिंदी, निम्मं त्यांच्या भाषेत. मी ओरडत होते, तेही मराठीत. शेवटी मावशीनंच माझा दंड धरला.

"थांब वो बाई. तो काही सांगून राहिला. आयकून तं घे." मग ती त्यांच्याकडे वळली आणि तिच्या मोडक्या हिंदीत तिनं दोन प्रश्न विचारले. त्यांनी उत्तर दिलं. मावशीनं कपाळाला हात लावला.

"अवो, तू जुलाब मांगला. हिंदीत जुलाब म्हंजे पोट साफ करावाचा दवा. त्यानं तोच दिला. तुले दस्त म्हनाव लागत होता, दस्त!"

माझ्या गावी दस्त म्हणजे कचेरीतला कागद. ज्या लेकराचं पोट आधीच वाहत होतं, त्याला मी माझ्या हातानं रेचक पाजलं होतं. आणि आता दुसरा चमचा भरणार होते.

"कितना दिया?" दादांनी विचारलं. मी एक बोट दाखवलं. त्यांनी डोळे मिटून श्वास सोडला, मग म्हणाले, "चलो."

त्यांना हे कसं कळलं ते मला नंतर समजलं. मी गेल्यावर तासा-दीड तासानं एक मराठी हमाल दुकानात आला होता. तो म्हणाला, "शेठ, सकाळपासून जुलाब लागले, काही तरी द्या." दादांनी विचारलं, "लागले मतलब?" त्या माणसानं लाजबीज न धरता सगळं नीट दाखवलं. दादांच्या हातातली बरणी तशीच राहिली. समोर पाच गिऱ्हाइकं उभी असताना त्यांनी दुकानाच्या फळ्या लावल्या. त्यांना माझं घर माहीत नव्हतं, आडनावही नाही. हे तारखात्यात आहेत एवढंच मी कधीतरी बोलले होते. ते धावत तारघरात गेले, तिथून पत्ता काढला, पावसानं सगळीकडे चिखल झालेला, एका गल्लीत दोनदा चुकले आणि मग आमच्या फाटकाशी पोचले. रिक्षा त्यांनी वाटेतच बरोबर घेतली होती.

मुलीला मांडीवर घेऊन मी रिक्षात बसले. मावशी माझ्या शेजारी चढली. दादांना जागा नव्हती, ते रिक्षाच्या बाजूनं जवळजवळ पळत आले. डॉक्टर त्यांच्या ओळखीचे होते. म्हातारे, तापट. त्यांनी मुलीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, जीभ पाहिली आणि बाटली उलटीसुलटी केली.

"ढाळाच्या पोरीला हे? कुठल्या गाढवानं दिलं?" ते हिंदीत गरजले. एवढं मात्र मला नीट समजलं.

मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाले, "मैंने दिया, डॉक्टर साहब. ग़लती मेरी है."

"बीस-पच्चीस साल का अनुभव बताते हो ना तुम?"

"जी," दादा म्हणाले आणि मान खाली घालून उभे राहिले.

चूक माझी होती. शब्द माझा होता. पण मला तेव्हा हिंदीत "नाही, माझी चूक" एवढंही म्हणता आलं नाही. मी नुसती मान हलवत राहिले, आणि डॉक्टरांना वाटलं, मीही त्यांनाच दोष देते आहे.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सल्फाच्या गोळीचे तुकडे करून दिले, आणि ग्लुकोजचं पाणी चमच्या-चमच्यानं, पाच-पाच मिनिटांनी पाजायला सांगितलं. एकच चमचा पोटात गेला म्हणून निभावलं, असं त्यांनी मावशीला सांगितलं, आणि मावशीनं मला. दवाखान्याच्या बाकावर आम्ही तिघं ओळीनं बसलो. मी पाजत होते. दादा घड्याळ बघून दर पाच मिनिटांनी नुसतं बोट वर करत. तासाभरानं मुलीनं पाणी पोटात ठेवलं. आणखी थोड्या वेळानं ती रडली. ते बारीक, चिडकं रडणं ऐकून मीही रडले आणि मावशी म्हणाली, "आता भेव नाही. रडून राहिली म्हंजे जीव आला."

बाकावर बसल्या बसल्या दादा थोडं थोडं बोलले. मावशी मधूनमधून मला उलगडून सांगत होती. सिंधमधून आल्यावर ते काही महिने निर्वासितांच्या छावणीत होते. तिथं त्यांच्या आईला रक्ती आव झाली. ते जवळच्या गावात औषधाच्या दुकानात गेले. औषधाचं नाव, प्रमाण, सगळं त्यांना पाठ होतं, जन्म त्यातच गेला होता. पण अंगावरचे कपडे आठ दिवसांचे, बोलणं सिंधी. दुकानदारानं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. हातानं "पुढे जा" केलं.

"उस दिन सोचा था," ते म्हणाले, "मेरी दुकान पे जो आएगा, पहले उसकी पूरी बात सुनूँगा. और आज मैंने सुना नहीं. भीड़ थी ना."

"आई बऱ्या झाल्या का?" मी मराठीतच विचारलं.

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग घड्याळ पाहून बोट वर केलं. पाच मिनिटं झाली होती.

चौथ्या दिवशी मुलगी घरभर चालायला लागली. मावशीनं केलेली मीठ घातलेली पेज तिला इतकी आवडली की पुढे बरी झाल्यावरही ती तीच मागायची. बेलाच्या गरावरून मावशीनं मला एका शब्दानंही टोचलं नाही. तिच्या फटकळपणाच्या मानानं हे फार मोठं होतं.

हे परत आले ते सगळं तारघरात ऐकूनच. बूट न काढता मुलीला उचलून त्यांनी उलटसुलट पाहिलं. मग माझ्याकडे वळले.

"त्या दुकानाची पायरी पुन्हा चढायची नाही. उद्या मी जाऊन त्याला चांगला फैलावर घेतो."

"घ्या," मी म्हणाले. "पण आधी मला घ्या. जुलाब मी मागितला. आणि ज्या मोठ्या दुकानात मला हसले, तिथला माणूस दुकान बंद करून चिखलातून तुमचं घर शोधत आला असता का, तेही विचारून या."

लग्न झाल्यापासून मी ह्यांना इतकं एका दमात कधी बोलले नव्हते. ते बूट काढायला बसले. दुसऱ्या दिवशी ते खरंच दुकानात गेले. मी धास्तावून वाट बघत होते. तास झाला, दोन तास झाले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात मुलीसाठी टॉनिकची बाटली होती. "चहा पाजला त्यांनी," एवढंच म्हणाले. जरा वेळानं पुन्हा म्हणाले, "तुला एक वही घेऊन बोलावलंय."

त्या वहीचं काम पुढे महिनाभर चाललं. दुपारी दुकान रिकामं असे तेव्हा मी आणि मावशी मुलीला घेऊन जायचो. मी एकेक दुखणं सांगायचे, ते हिंदी शब्द सांगायचे, आणि दोन्ही शब्द ते त्यांच्या लिपीत उतरवून घ्यायचे. ताप म्हणजे बुखार. ओकारी म्हणजे उलटी. गोवर म्हणजे खसरा. "मुरडा" म्हटल्यावर ते दोन्ही हातांनी कापड पिळल्यासारखं करून खात्री करून घेत. मावशी मध्येच तोंड घाली, "असं कोनी म्हनते का? आमच्याकडे असं म्हंतेत," आणि तिसरा शब्द पुढे येई. जुलाबाला त्यांनी वहीत एक अख्खं पान दिलं होतं आणि त्याच्याभोवती लाल पेन्सिलीनं चौकट काढली होती.

हळूहळू त्या वहीत माझ्या ओळखीचे नसलेले शब्दही येऊ लागले. बाजाराच्या दिवशी सालेकसाकडची माणसं येत. कुणी गोंडी बोले, कुणी छत्तीसगढी. एकदा मी समोर असतानाच एक म्हातारा छातीवर मूठ आपटून काहीतरी सांगत होता. दादांनी त्याला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि पुन्हा सांगायला लावलं. मग तिसऱ्यांदा. मागे उभा असलेला एक गृहस्थ वैतागून म्हणाला, "अरे सेठ, दे दो ना कुछ भी!" दादा वळून शांतपणे म्हणाले, "कुछ भी नहीं देता मैं."

आम्ही गोंदियात आणखी काही वर्षं होतो. मधल्या काळात आमचा भाग मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला. आईनं लिहिलं की आता तरी तू आपल्या राज्यात आलीस. मी घर न बदलताच परदेशातून परत आले होते. मुलगी शाळेत जाऊ लागली. तिची हिंदी आणि मावशीकडून उचललेली झाडीबोली दोन्ही माझ्यापेक्षा चांगल्या. त्या दुखण्यातलं तिला काही म्हणता काही आठवत नाही. मावशीची पेज तेवढी आठवते.

मग ह्यांची बदली जळगावकडे झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी मुलीला घेऊन दुकानात गेले. दादा बरण्या पुसत होते. दुकानाला आता शेजारचा गाळाही जोडला होता. इतक्या वर्षांत त्यांना मराठी पुष्कळ समजायला लागली होती, पण माझ्याशी ते हिंदीतच बोलत. त्या दिवशी मात्र त्यांनी फडकं बाजूला ठेवलं आणि अगदी मावशीच्या थाटात म्हणाले, "काऊन अदी, जाऊन राहिल्या म्हंते?"

मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. दीडशे शब्द मी शिकवले होते, आणि मराठी त्यांनी उचलली होती ती मावशीची.

"हो दादा, जाऊन राहिली," मी म्हणाले.

त्यांनी मुलीच्या हातावर ओव्याची एक पुडी ठेवली आणि प्रवासात खिडकीतून हात बाहेर काढू नको, असं तिला बजावलं. पुढे पत्रव्यवहार झाला नाही. त्यांच्या लिपीत मला वाचता येत नव्हतं आणि माझ्या लिपीत त्यांना धड लिहिता येत नव्हतं. मावशीच्या मुलाचं वर्षाकाठी पत्र यायचं, त्यात खाली एक ओळ असायची, "दवावाले तुमची अन् पोरीची तब्येत विचारून राहिले होते."